पूर आधी, पाऊस नंतर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची सकाळ होती. स्प्रिंगफील्ड लेक्सच्या तळ्याभोवती मी आणि आमच्या गटात नव्याने आलेली पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी अशा दोघी फेरी मारत होतो. तिला महाराष्ट्रातून येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ऑफिसात ती इतरांसारखं मला नावाने हाक मारायची, पण तळ्यापाशी आलो की आपसूक ‘ताई’ व्हायचं. अर्धी फेरी गप्प चालल्यावर ती एकदम म्हणाली, “ताई, माझ्या मॉडेलमध्ये पूर आधी येतो आणि पाऊस नंतर पडतो. दोन आठवडे झाले, काही केल्या सुटत नाहीये. मला वाटतं, हा विषय मला झेपणारच नाही.”

मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. सोमवारी तिच्या शेजारी बसून कारण शोधलं, तेव्हा तर हसण्यासारखं काही उरलंच नाही. चूक तिची नव्हती. चूक आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये होती आणि ते पान मी लिहिलेलं होतं.

आजचा लेख त्या पानाबद्दल आहे. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत मथळे कसे द्यावेत, तारखा कशा लिहाव्यात, कमांड कोणत्या ठशात छापावी, हे विषय ऐकायला फार कोरडे वाटतात. मलाही वाटायचे.

तिने काय वाचलं?

आमचा प्रोजेक्ट म्हणजे पावसाच्या नोंदींवरून ओढ्याला किती पाणी येईल याचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर. सात-आठ वर्षांत दहा-बारा जणांचे हात त्याला लागले आहेत. ती इथल्याच एका ओढ्यासाठी फेब्रुवारी २०२२ चा पूर मॉडेलवर पुन्हा उभा करून पाहत होती. ज्यांनी तो पाऊस इथे अनुभवला त्यांना वेगळं सांगायला नको. ब्रिस्बेनमध्ये तीन दिवसांत ६०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता आणि शहरातल्या मोजपट्टीवर नदी ३.८५ मीटरपर्यंत चढली होती.

आता पावसाच्या नोंदीची एक गंमत समजून घ्यावी लागेल. ऑस्ट्रेलियाचा हवामान विभाग रोजचा पाऊस सकाळी ९ वाजता मोजतो. ती नोंद मागच्या २४ तासांची असते, पण तिच्यावर तारीख पडते ती मोजल्याच्या दिवसाची. म्हणजे २७ तारखेच्या नावावर जमा झालेला बराचसा पाऊस खरं तर २६ तारखेला पडलेला असतो.

भारतातही हीच रीत आहे, फक्त वेळ सकाळी साडेआठची. याचं सगळ्यात ठळक उदाहरण प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. मुंबईतला तो २००५ सालचा पाऊस आपण ‘२६ जुलै’ म्हणूनच ओळखतो. पण सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा विक्रमी आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आहे. त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला. रोजच्या नोंदींच्या तक्त्यात २६ जुलैच्या रकान्यात तो प्रलय शोधायला गेलात, तर सापडणार नाही. तो पुढच्या रकान्यात बसलेला आहे. ज्याला ही रीत माहीत आहे त्याला काहीच अडचण नाही. ज्याला माहीत नाही, त्याच्या गणितात मिठी नदीला पूर आदल्या दिवशी येतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक सेटिंग आहे. दिलेली तारीख २४ तासांच्या सुरुवातीची आहे की शेवटची, ते त्यात सांगायचं. त्या सेटिंगचं नाव ‘एंड ऑफ डे’. आमच्या एका पानावर हे नाव कोडच्या ठशात, राखाडी चौकटीत छापलेलं होतं. बघताक्षणी कळावं की हे फाइलमध्ये असंच्या असं लिहायचं आहे. मी लिहिलेल्या पानावर मात्र ते साध्या वाक्यात, साध्या अक्षरांत होतं. वाक्याचा आशय असा होता: ‘हवामान विभागाच्या पावसासाठी एंड ऑफ डे वापरा.’

तिने ते वाक्य इंग्रजी म्हणून वाचलं. एंड ऑफ डे, म्हणजे दिवसअखेर. तिला वाटलं, विभागाचा डेटा दिवसभरात अद्ययावत होत असेल, म्हणून तो संध्याकाळी उतरवून घ्यायला सांगितलंय. “म्हणून मी रोज संध्याकाळी सहानंतर रन लावत होते,” ती म्हणाली. दोन आठवडे, न चुकता.

सेटिंग दिलंच नव्हतं, त्यामुळे सॉफ्टवेअरने तारीख सुरुवातीची धरली आणि सगळा पाऊस २४ तास पुढे सरकला. ओढ्याच्या पातळीच्या नोंदी तासातासाच्या होत्या, त्या जागच्या जागी राहिल्या. आलेखात आधी पूर, मग पाऊस.

मी तिला विचारलं, “अगं, पहिल्याच दिवशी का नाही विचारलंस?”

“मला वाटलं, माझंच इंग्रजी कमी पडतंय. पान तर तुम्हीच लिहिलेलं होतं.”

हे उत्तर मला अजून टोचतं. आपण सगळेच कधी ना कधी नव्या देशात, नव्या ऑफिसात, नव्या भाषेत पहिले सहा महिने काढले आहेत. समोरचा मजकूर कळला नाही की आधी संशय येतो तो स्वतःवर. मजकूर सदोष असेल असं नवख्या माणसाच्या मनात येतच नाही. तिने विषय सोडायचा विचार केला होता, आणि कारण काय, तर मी दोन चिन्हं टाकायचा कंटाळा केला होता.

बिस्किटांचा डबा

आपल्या प्रत्येकाच्या घरी बटर बिस्किटांचा एक निळा गोल डबा असतो, आणि त्यात बिस्किटं सोडून सगळं असतं. सुया, दोरे, बटणं, फार तर एखादी जुनी चावी. स्वयंपाकघरात कॉफीच्या बाटलीत हिंग, हॉर्लिक्सच्या बाटलीत साबुदाणा. घरच्यांचं काहीच अडत नाही, कारण त्यांना डबा कुठला ते बघावंच लागत नाही. हात आपोआप जातो. अडतं ते पाहुण्याचं. तो बिचारा चहाबरोबर बिस्किट शोधतो आणि हाताला सुई लागते.

जुन्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन असंच असतं. प्रत्येक पान लिहिणाऱ्याला ते स्पष्टच वाटतं. माझं पानही सुटं पाहिलं तर चूक नव्हतं. चूक होती ती दोन पानांच्या मधल्या जागेत. एका पानाने वाचकाला शिकवलं की सेटिंगचं नाव चौकटीत असतं. दुसऱ्या पानाने तो नियम न सांगता मोडला. म्हणजे पहिल्या पानाने वाचकाच्या हातात जे भिंग दिलं, त्याच भिंगाने त्याला दुसरं पान चुकीचं दिसलं.

यामागे मेंदूचं साधं गणित आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये ‘कॉग्निटिव्ह लोड’, म्हणजे आकलनाचा भार, ही कल्पना मांडली. नवीन काही शिकताना आपली तात्पुरती स्मृती फार तोकडी असते. एका वेळी मोजक्याच गोष्टी तिच्यात मावतात. विषयाचं स्वतःचं ओझं टाळता येत नाही. पण मांडणीमुळे पडणारं जादा ओझं टाळता येतं. ‘डेट’, ‘डे’ आणि ‘टाइमस्टॅम्प’ ही तीन नावं दिसली की जाणकार ती एकच म्हणून सोडून देतो. नवखा तिन्ही वेगवेगळी समजून तीन कप्प्यांत ठेवतो, कारण वेगळं रूप म्हणजे वेगळा अर्थ, असं धरून चालणं हेच शहाणपणाचं असतं. ज्या कप्प्यांत त्याने पाऊस आणि पूर समजून घ्यायचा, ते आमच्या नावांनी भरून जातात.

चिटणिसांची शिस्त

मांडणीची शिस्त हे आजच्या संगणकवाल्यांचं खूळ आहे असं वाटत असेल, तर मराठी कागदपत्रांकडे जरूर पाहावं. हेमाडपंतांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘मेस्तक’ म्हणजे दरबारी पत्रव्यवहाराचे नियमच. कोणाला कोणत्या मायन्याने लिहायचं, सुरुवात कशी, शेवट कसा. पुढे शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. कारभारातल्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर हा प्रोजेक्टचा शब्दसंग्रह. कोणत्या गोष्टीला काय म्हणायचं, हे एकदाच ठरवून ठेवलेलं.

मला सगळ्यात आवडतो तो पत्राचा शेवट. शिवकालीन पत्रांत माथ्यावर मुख्य मुद्रा असते, आणि मजकूर संपला की खाली छोटी मर्यादेची मुद्रा: ‘मर्यादेयं विराजते’. पत्राची हद्द इथे संपली. तिच्याखाली कोणी दोन ओळी घुसडल्या, तर त्या उघडच उपऱ्या दिसतात. म्हणजे मुद्रा जितकी शोभेची, तितकीच कामाची. वाचणाऱ्याला ठरलेल्या जागी ठरलेली खूण दिसली नाही, की त्याने सावध व्हायचं.

आणि तारखांचा घोळही नवा नाही. जुन्या मराठी पत्रांत शालिवाहन शक असतो, हिजरी महिने असतात आणि शुहूर सनही असतो, तोही अरबी अंकवाचक शब्दांत. शुहूर सनाला ‘मृगसाल’ही म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की ते वर्ष सुरू होतं. त्यामुळे त्यावरून इसवी सन काढताना वर्षाच्या काही भागात ५९९ मिळवायचे आणि उरलेल्या भागात ६००. वर्ष नेमकं कुठून सुरू होतं हे ज्याला माहीत नाही, त्याच्या इतिहासात एखादी लढाई वर्षभर पुढे-मागे होते. आमच्या सकाळी ९ वाजता सुरू होणाऱ्या दिवसाचं हे थोरलं भावंडच. फरक इतकाच की शुहूरचा उलगडा करण्यासाठी जंत्र्या छापल्या गेल्या. आमच्याकडे जंत्री नव्हती.

एक यान आणि सत्तावीस जनुकं

अशा चुकांची किंमत कधी दोन आठवडे असते, कधी अख्खं यान. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचलं आणि नाहीसं झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर छोट्या धक्क्यांचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होतं. दोन्हींत ४.४५ पट फरक. ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. पण तिच्यातला खरा धडा सहसा सांगितला जात नाही: आकडे मेट्रिकमध्ये द्यायचे, हे ठरलेलं होतं आणि लिहिलेलंही होतं. नियम कागदावर होता. तो पाळला जातोय का, हे तपासणारं कोणी नव्हतं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. २०१६ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडलेले शोधनिबंध तपासले. जवळजवळ पाचातल्या एकात चूक निघाली. ‘सेप्ट वन’ किंवा ‘मार्च वन’ अशी जनुकांची नावं लिहिली की एक्सेल त्यांना गुपचूप १ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकत होतं. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा सत्तावीस जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर झालं. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जीवशास्त्र बदलणं सोपं गेलं म्हणायचं! यातला धडा वेगळा आहे. आपण मांडणीचे नियम ठरवले नाहीत, तर हातातलं हत्यार ते आपल्यासाठी ठरवतं, आणि विचारतही नाही.

दिसायला सारखं, आतून वेगळं

आतापर्यंत एकाच गोष्टीच्या वेगळ्या रूपांबद्दल बोललो. मराठीत याच्या उलट पंचाईत आहे. रूप एकच, पण आतला मजकूर वेगळा. ही आम्हाला नंतर कळली, तेव्हा जेव्हा तिने स्वतःसाठी आणि पुढे येणाऱ्या मराठी मुलांसाठी आमच्या संज्ञांची एक छोटी मराठी यादी करायला घेतली.

यादीत ‘दऱ्या’ हा शब्द होता, पण शोधला की कधी सापडायचा, कधी नाही. कारण असं: मराठीतला हा अर्धा र महत्त्वाचा आहे. त्याच्यामुळे आचाऱ्यांना बोलावणं आणि आचार्यांना बोलावणं यांत स्वयंपाक आणि प्रवचन इतका फरक पडतो. पण संगणकात तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे युनिकोडमधला खास ऱ (क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. साध्या शोधाला मात्र हे दोन परके शब्द आहेत. युनिकोडचं जे प्रमाणीकरण असतं, तेही या दोघांना एकत्र आणत नाही.

‘ॲप’चंही तसंच. ॲ हे अक्षर स्वतंत्र क्रमांकाने (०९७२) युनिकोडमध्ये आलं ते २००८ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि काही जण हिंदीतला ऍ वापरायचे. तिन्ही आजही सर्रास सापडतात. शुद्धलेखनाचे नियम आपल्याकडे १९६२ पासून आहेत, आधी चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार. पण ते डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांचे आहेत. कळफलकाच्या आत काय चाललंय, हे प्रत्येक प्रोजेक्टला स्वतः ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं: ऱ नेहमी स्वतंत्र अक्षराने, ॲ नेहमी ०९७२. एक छोटी स्क्रिप्ट फाइल साठवताना ते तपासते. तुमच्यापैकी कोणी मराठी शाळेसाठी शब्दयादी किंवा ॲप बनवत असाल, तर एवढं पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

आम्ही काय केलं

पहिल्या बैठकीत नेहमीचं झालं. यादीच्या बुलेटसाठी तारा वापरायचा की आडवी रेघ, यावर पाऊण तास गेला. हा दोष आमच्या गटाचाच आहे असं नाही. मार्कडाउन ही लिहिण्याची साधी पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणली, तिच्यात दोन्ही चालतात. पुढे तिच्या इतक्या बोलीभाषा झाल्या की २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाचं काटेकोर रूप लिहावं लागलं. शेवटी आमच्यातली सगळ्यात ज्येष्ठ सहकारी म्हणाली, “नाणं उडवा आणि घरी चला.” नाणं उडवलं, रेघ जिंकली. पुढे कधी कोणी तो विषय काढला नाही. अशा प्रश्नांत उत्तर कोणतं आहे याला फार किंमत नसते. उत्तर एकच आहे, याला असते.

पण काही नियम नाण्यावर सोडण्यासारखे नव्हते. ते असे ठरले:

१. एका गोष्टीला एकच नाव. ते शब्दसूचीत लिहायचं आणि मजकूर, तक्ते, आलेख, कोड सगळीकडे तेच वापरायचं. शाळेत निबंध लिहिताना तोच शब्द पुन्हा आला की बाई लाल रेघ मारायच्या. इथे उलटं. समानार्थी शब्द वापरला तर लाल रेघ.

२. जे फाइलमध्ये जसंच्या तसं टंकायचं, ते कायम कोडच्या ठशात. जे वाचकाने स्वतःचं भरायचं, ते कोनी कंसात. साध्या मजकुरात सेटिंगचं नाव कधीही नाही.

३. तारीख आयएसओ ८६०१ प्रमाणे, वर्ष-महिना-दिवस: २०२२-०२-२७. हे मानक १९८८ पासून आहे. ०३/०४ म्हणजे इथे ३ एप्रिल आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्याला ४ मार्च, हा घोळ मुळातच संपतो. वेळेबरोबर तिचा पट्टा लिहायचाच. क्वीन्सलँडमध्ये घड्याळं पुढे-मागे होत नाहीत, सिडनीत होतात. कालावधी असेल तर तारीख सुरुवातीची की शेवटची, हे त्याच ओळीत.

४. आकड्याशेजारी एकक, आणि पाण्याची पातळी असेल तर मोजपट्टीचं ठिकाण. २०११ च्या पुरात ब्रिस्बेन शहरात पाणी ४.४६ मीटर होतं आणि इप्सविचला सुमारे १९.४ मीटर. दोन्ही खरे, एकाच पुराचे आणि दोन्ही मीटरच. ठिकाण गाळलं, तर इप्सविच चौपट बुडालं असं कोणी लिहून बसेल.

५. मांडणीतला बदल आणि मजकुरातला बदल एका वेळी करायचा नाही. चारशे ओळींची रेघारेघी सुधारताना एक आकडा बदलला, तर तपासणाऱ्याला तो दिसणं अशक्य. दोन वेगळ्या खेपा, दोन वेगळ्या नोंदी.

ऑर्बिटरचा धडा लक्षात ठेवून यांतलं जे यंत्राला तपासता येतं, ते यंत्रावर सोपवलं. मथळ्यांचा क्रम, बुलेट, तारखांचा साचा, बाद ठरलेली नावं, हे सगळं एक प्रोग्रॅम प्रत्येक बदलाबरोबर तपासतो आणि चूक असेल तर बदल अडवतो. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. ‘तुझी रेघ चुकली’ हे माणसाने सांगितलं की राग येतो. यंत्राने सांगितलं की येत नाही. आणि माणसांना एकमेकांच्या मजकुरावर बोलायला वेळ उरतो.

आणि मी जवळजवळ केलेली दुसरी चूक

नियम ठरल्यावर मला स्फुरण चढलं. मी एका दुपारी बसून सगळ्या पानांतली नावं एकसारखी करायला घेतली. ‘टाइमस्टेप’, ‘स्टेप’, ‘इंटरव्हल’: शोधा आणि बदला, शोधा आणि बदला. हात भराभर चालत होता. बदल पाठवला, आणि तपासायला तो तिच्याकडे गेला.

अर्ध्या तासात ती माझ्या टेबलापाशी आली. “ताई, ‘इंटरव्हल’ बदलू नका. मॉडेल दर पाच मिनिटांचं गणित करतं, ती स्टेप. पण निकाल तासाला एकदाच लिहितं, तो इंटरव्हल. या दोन खरंच वेगळ्या गोष्टी आहेत.”

तिचं बरोबर होतं. तो बदल तसाच गेला असता, तर पुढच्या माणसाने पाच मिनिटांच्या पावसाला तासाचा पाऊस समजून बारा पटीचा घोळ घातला असता. पान मात्र अगदी नीटनेटकं दिसलं असतं. नीटनेटक्या पानावर तर संशयही कोणी घेत नाही.

सारख्या गोष्टी सारख्या दिसल्या पाहिजेत, हा अर्धा नियम झाला. वेगळ्या गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत, हा उरलेला अर्धा. पायथन भाषेची २००१ पासूनची प्रसिद्ध शैली-नियमावली, पीईपी ८, तीही सुरुवातीलाच बजावते की आंधळी एकवाक्यता कामाची नाही, नियम कधी मोडायचा हेही कळलं पाहिजे. पण ते कळायला नेमका कोणता माणूस उपयोगी पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. आम्हा जुन्यांना ‘स्टेप’ आणि ‘इंटरव्हल’ इतके सवयीचे होते की आम्ही ते वाचतच नव्हतो. प्रत्येक शब्द थांबून वाचणारी एकटी तीच होती.

म्हणून आमच्या नियमावलीत आता एक सहावा नियम आहे, आणि तो यंत्राला तपासता येत नाही. गटात कोणीही नवीन आलं की पहिले दोन आठवडे त्याने फक्त डॉक्युमेंटेशनप्रमाणे काम करायचं. जिथे अडेल तिथे लिहून ठेवायचं. त्या यादीतली प्रत्येक अडचण आधी पानाची चूक मानायची. ती त्या माणसाची ठरली तर नंतर ठरेल.

अख्खी नियमावली दीड पानाची आहे. ती वाढू द्यायची नाही असंही ठरलंय, कारण चाळीस पानांची नियमावली कोणी वाचत नाही. ऑस्ट्रेलियन सरकारची स्टाइल मॅन्युअल १९६६ पासून आहे, हल्ली ऑनलाइन उपलब्ध असते. आमच्या दीड पानात जे नाही, त्यासाठी आम्ही तिच्याकडे बोट दाखवतो.

तिच्या मॉडेलचं पुढे काय झालं, हे राहिलंच. सेटिंग दिलं, रन लावला, तोही भरदुपारी. आधी पाऊस पडला, मग पूर आला. पाणी चढण्याची वेळ नोंदींशी बरीच जुळली, उंची थोडी कमी आली, आणि त्या कमतरतेवर तिने पुढे खरं संशोधन केलं. आता ते पान तिच्याकडे आहे. माझं जुनं वाक्य तिने काढून टाकलं नाही. नव्या, चौकटीतल्या सूचनेखाली एक बारीक टीप ठेवली आहे: ‘हे सेटिंगचं नाव आहे. रन सकाळी लावला तरी चालतो.’

नवीन आलेल्यांना ती टीप वाचून हसू येतं, आणि ते विचारतात की ही कशासाठी. मग आम्ही सांगतो.